सांडपाण्याची वाट : आठ भाग नदी कुठून आणायची?

चांदूर रेल्वेच्या एका वाचकानं विचारलं आहे, ‘भाऊ, आमच्या इकडच्या नाल्याले मे महिन्यातई पानी रायते. पाऊस नाई, झरा नाई, मंग हे पानी येते कोठून?’

मोऱ्यांमधून येतं. नळानं घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के पाणी धुणीभांडी, न्हाणी, संडास अशा वाटेनं पुन्हा बाहेर पडतं. होळी उलटली की वऱ्हाडातले बहुतेक नाले आटतात; त्यानंतर गावाजवळच्या पात्रात जे वाहतं ते गावानंच सोडलेलं. चांदूरचं पाणी वर्धेच्या खोऱ्यातलं, म्हणजे पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. तिथून तीसेक किलोमीटरवरच्या अमरावतीचा अंबा नाला मात्र पेढीतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तिथून अरबी समुद्राला. एका जिल्ह्याचं सांडपाणी दोन समुद्रांकडे निघतं, आणि उन्हाळ्यात दोन्ही वाटांवर सुरुवातीला त्याला सोबत करायला नदीचं पाणी नसतं.

ही सोबत किती मोलाची, ते 1912 सालच्या एका हिशेबात दिसतं. सांडपाण्यासाठी नेमलेल्या ब्रिटनच्या रॉयल कमिशननं त्या वर्षीच्या आठव्या अहवालात शुद्ध केलेल्या पाण्याच्या बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण पचवताना जीवाणू जो प्राणवायू खर्च करतात त्याची, मर्यादा लिटरला 20 मिलिग्रॅम ठरवली. नदीच्या स्वच्छ पाण्याचा बीओडी 2 धरला. आठ भाग नदी, एक भाग सांडपाणी. आठ दुणे सोळा, त्यात वीस मिळवले की छत्तीस. नऊनं भागले की चार. चारपर्यंत नदी तग धरते, असं त्यांचं मत. सगळा हिशेब त्या आठ भागांवर उभा आहे.

आपल्याकडे नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा 30 ची, आणि आंघोळीच्या नदीला 3 ची. अगदी शून्य बीओडीचं पाणी दहापट मिसळलं तरच 30 चे 3 च्या आसपास येतात. मे महिन्यात चांदूरच्या नाल्यात ते दहापट कुठून आणायचं? सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पानं 30 ची मर्यादा चोख पाळली, तरी पात्रात 30 च राहणार.

त्यात ऊन ही अडचण आणखी वाढवतं. बीओडीची तपासणी पाहिली की हे पटतं. 300 मिलिलिटरची काचेची बाटली, घासून बसवलेलं बूच, आत हवेचा एक बुडबुडाही नको. पाणी फार घाण असेल तर आधी मापून पातळ करायचं. एक बाटली लगेच तपासायची, दुसरी अंधारात ठेवायची. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं की प्राणवायू असलेल्या पाण्यात तपकिरी साका धरतो; प्राणवायू संपला असेल तर साका पांढराच राहतो. मग आम्ल, पिवळा रंग, स्टार्चचा निळा, आणि थेंब थेंब थायोसल्फेट टाकत तो निळा जाईपर्यंत मोजणी. पहिल्या आणि दुसऱ्या बाटलीतला फरक म्हणजे जीवाणूंनी खर्चलेला प्राणवायू. दुसरी बाटली परदेशात 20 अंशाला पाच दिवस ठेवतात, आपल्या मानकात 27 अंशाला तीनच दिवस. उष्ण पाण्यात जीवाणू भराभर काम करतात. आणि 20 अंशाचं पाणी लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, तर 35 अंशाचं जेमतेम 7. मागणी वाढते तेव्हाच साठा घटतो. मासे उलटे होतात ते यामुळे.

म्हणून माझं ठाम मत आहे की वऱ्हाडातल्या लहान शहरानं उन्हाळ्यात शुद्ध केलेलं पाणीही नाल्यात सोडू नये, शेताला द्यावं. सिंचनासाठी जमिनीवर सोडायची मर्यादा 100 ची आहे, कारण उरलेली घाण मातीतले जीवाणू पचवतात. सांभार-पालकाला हे पाणी नको. संत्र्याच्या आळ्याला चालेल, फळाला न लागता. आणि उन्हाचाही उपयोग करून घेता येतो. उथळ तळ्यात पाणी काही आठवडे ठेवलं की शेवाळ प्राणवायू देतं, सूर्यप्रकाश रोगजंतू मारतो, विजेचा खर्च जवळजवळ नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं अशा तळ्यांवर 1960 च्या दशकापासून काम केलं आहे. फक्त जागा भरपूर लागते, आणि ती गावाच्या उताराच्या बाजूला लागते, नाहीतर पंपाचं बिल पुन्हा मागे लागतं.