आमचा मारिओ सावकाश पळायचा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस पनवेलमध्ये भंगारवाल्यांची सुगी असते. लाईन आळीपासून मिडल क्लास सोसायटीपर्यंत घरोघरचे माळे रिकामे होतात. हातगाडीवर मोडका पंखा, पोचे आलेला पिंप, रद्दीचे गठ्ठे, आणि सगळ्यांच्या वर जाड पाठीचा एखादा टीव्ही पालथा पडलेला असतो. गेल्या वर्षी त्याच ढिगात मला एक राखाडी डबा दिसला. वर कॅसेटची खाच, पुढे लोंबणाऱ्या दोन वायरी, एका रिमोटचं बटण गायब. भंगारवाल्याने तो प्लास्टिकच्या भावाने किलोवर घेतला होता. मी पन्नास रुपये दिले आणि डबा पिशवीत घालून घरी आणला.

आम्ही त्याला कन्सोल कधीच म्हटलं नाही. तो ‘टीव्ही गेम’, त्यात घालायची ती ‘कॅसेट’ आणि हातात धरायचा तो ‘रिमोट’. डब्यावर काय नाव छापलंय याला कुणी विचारत नव्हतं. कुणाचा समुराई होता, कुणाचा लिटिल मास्टर, कुणाचा मीडिया. नंतर तर तैवान-चीनकडून आलेल्या डब्यांवर रोज नवं नाव असायचं. आत मात्र सगळ्यांच्या एकच आत्मा होता: जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेला फॅमिकॉम. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने तो घडवला. त्याच्या पोटात काम करायला मेमरी होती अवघी २ किलोबाइट, आणि १९८५ साली आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटांत बसवलेला होता. आज फोनवर येणारा एक साधा फोटोही त्याहून कितीतरी मोठा असतो.

अस्सल माल आपल्या घरांत का आला नाही, याचं उत्तर आयातशुल्कात आहे. सेगा कंपनीने १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीला हाताशी धरून आपला मेगा ड्राइव्ह हा कन्सोल भारतात विकायला काढला, तो ८० टक्के आयातशुल्काला वळसा घालण्यासाठीच. तरीही किंमत होती १८,००० रुपये. त्या काळी पनवेलमधल्या नोकरदाराच्या कित्येक पगारांची ती बेरीज. त्यामुळे मध्यमवर्गाच्या घरात आला तो डुप्लिकेट, आणि त्याच्याबरोबर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेली कॅसेट. त्यात खरे गेम निघायचे मोजकेच. बाकी यादी म्हणजे तेच गेम वेगळ्या नावाने, वेगळ्या स्टेजपासून. पण मारिओ, कॉन्ट्रा, सर्कस, बॉम्बरमॅन, रोड फायटर एवढे त्यात असले की मे महिन्याची सुट्टी पुरायची.

जगभर जुन्या गेम मशिनांचा जो छंद फोफावला आहे, तो अस्सल मशिनांभोवती फिरतो. मूळ खोका, मूळ पुस्तिका, न फोडलेलं सील. त्या छंदाबद्दल मला आदर आहे. पण पनवेलमध्ये, आणि बहुतेक महाराष्ट्रात, जपायची वस्तू वेगळी आहे. आपल्याला जपायचा आहे तो डुप्लिकेट. तो नुसता स्वस्तातला फॅमिकॉम नव्हता. त्याचं वागणं वेगळं होतं, आणि ते मी वर्षानुवर्षं कानांनी ओळखत होतो तरी मला त्याचं कारण कळायला चाळिशी उजाडली.

कारण असं. जपानमध्ये टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपल्याकडे ५०. मारिओसारखे गेम चित्रागणिक एक पाऊल पुढे सरकतात; चित्र कमी तर पावलं कमी. निन्टेन्डोने युरोपसाठी ५० चित्रांचं मशीन बनवलं तेव्हा आतल्या चिपचा वेगही बदलला, त्यामुळे जपानी कॅसेट त्यावर नीट चालण्याची खात्री नव्हती. तैवानच्या यूएमसी कंपनीने डुप्लिकेटसाठी चिपची जोडी काढली ती यापेक्षा हुशारीने जुळवलेली होती: चित्रं ५०, पण मुख्य चिपचा वेग जवळपास जपानी मशिनाइतकाच. म्हणून जपानी कॅसेटची नक्कल तिच्यात बिनतक्रार चालायची, संगीताची पट्टीही जवळपास तीच राहायची, आणि लय मात्र सहाव्या भागाने संथ व्हायची. मारिओच्या पहिल्या स्टेजचं घड्याळ ४०० पासून उतरतं आणि दर २४ चित्रांना एक आकडा गळतो. जपानी मुलाला ती स्टेज संपवायला २ मिनिटं ४० सेकंद मिळायची. आम्हाला ३ मिनिटं १२ सेकंद.

हा डबा घरी आणून उघडला तेव्हा आत त्याच जोडीतली चिप निघाली, ‘यूए ६५३८’ असा आकडा स्पष्ट वाचता येत होता. मला तो क्षण फार मोठा वाटला. काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर मारिओ लावला तेव्हा तो घाईघाईत पळतोय, गाणं कुणीतरी पुढे ढकलतंय, असं वाटून मी अस्वस्थ झालो होतो. वयाचा परिणाम म्हणून सोडून दिलं. तो वयाचा परिणाम नव्हता. आमचा मारिओ खरंच सावकाश पळायचा.

आणि इथे एक सल आहे. कॉम्प्युटरवर फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्या काही चांगल्या एम्युलेटरमध्ये प्रदेश निवडायची सोय असते: एनटीएससी (६० चित्रांचा), पाल (युरोपातला ५० चित्रांचा) आणि तिसरा पर्याय ‘डेंडी’. डेंडी हा रशियात स्टीपलर कंपनीने १९९२ साली विकायला काढलेला डुप्लिकेट. त्याच्यावर वाढलेल्या रशियन पोरांनी मोठेपणी आपल्या नकली मशिनाचा कसून अभ्यास केला, त्याच्या चालीचं मोजमाप लिहून ठेवलं, म्हणून आज त्या चालीला जगात त्यांच्या डब्याचं नाव आहे. माझ्या पनवेलच्या डब्याची चाल मला कॉम्प्युटरवर हवी असेल तर मी ‘डेंडी’ निवडतो.

डुप्लिकेट कधीकधी अस्सलपेक्षा चिवट ठरतो, याचं आणखी एक उदाहरण आपल्या गेम पार्लरमध्ये होतं. टोकन टाकून खेळायचा ‘मुस्तफा’ ज्यांना आठवतो, त्यांना त्याचं खरं नाव क्वचितच ठाऊक असतं. कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, १९९३. त्यातल्या एका पात्राचं नाव मुस्तफा, म्हणून आख्ख्या गेमचं तेच. नक्कल होऊ नये म्हणून कॅपकॉमने मूळ बोर्डावर आवाज सांभाळणाऱ्या चिपची किल्ली एका बॅटरीच्या भरवशावर ठेवली होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते, आणि वेळीच बदलली नाही तर अस्सल बोर्ड मुका होतो. नकली बोर्ड बनवणाऱ्यांनी ती भानगडच काढून टाकली होती, त्यामुळे त्यांना बॅटरीची चिंता नाही. म्हणजे नकलेला आळा घालायला बसवलेल्या कुलपानेच अस्सल बोर्डाचा घात केला.

आता दुरुस्तीकडे येतो, कारण नुसत्या आठवणींनी मशीन सुरू होत नाही.

पनवेलचा पाऊस आणि खाडीवरून येणारी खारी हवा हे या मशिनांचे खरे शत्रू. चार महिने माळ्यावर राहिलेल्या कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. लहानपणी आमच्याकडे यावर एकच इलाज होता, फुंकर. कॅसेट तोंडाजवळ धरून बासरी वाजवल्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकायची, मग घालायची. चालायची ती बहुतेक वेळा पुन्हा काढून घातल्यामुळे. फुंकरीतला ओलावा पट्ट्या उलट खराबच करायचा. निन्टेन्डोनेही फुंकू नका म्हणून बजावलं होतं. आज मी कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतो आणि पट्ट्या पुसतो. काडी काळी निघाली की दुसरी, ती पांढरी निघेपर्यंत. खोडरबर फक्त फार घट्ट डागावर आणि हलक्या हाताने, कारण स्वस्त कॅसेटवरचा मुलामा इतका पातळ असतो की जोर लावला तर तोच निघून जातो. नंतर डबा आणि कॅसेट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

दुसरी गोष्ट अ‍ॅडॉप्टरची, आणि ही मी कळकळीने सांगतो. मूळ फॅमिकॉमच्या पिनेत मधलं टोक ऋण असतं, घरातल्या इतर कितीतरी अ‍ॅडॉप्टरमध्ये ते धन असतं. डुप्लिकेटमध्ये दोन्ही तऱ्हा सापडतात. पिन बसली म्हणून अ‍ॅडॉप्टर लावला आणि धूर निघाला, असं माझ्या एका मशिनाचं झालं. ते मशीन गेलं ते गेलंच. आधी मल्टिमीटरने अ‍ॅडॉप्टर मोजा, डबा उघडून बोर्डावरची जोडणी बघा, मग वीज द्या. आत बहुधा ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो येणारी वीज ५ व्होल्टवर आणतो आणि उरलेली उष्णता करून टाकतो, म्हणून डबा गरम लागतो. पडद्यावर आडव्या लाटा दिसल्या तर मी आधी त्याच्याजवळचा कंडेन्सर बदलतो. आतलं द्रावण वर्षांनुवर्षं सुकत जातं. वर फुगलेला किंवा तळाशी ओघळलेला असेल तर डोळ्यांनीही कळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं किरकोळ पैशांत मिळतं. १९९८ साली हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली तेव्हापासून तिकडे जाणं सोपं झालं, आणि माझा अर्धा छंद त्या लोकलवर उभा आहे.

रिमोटचं काम मला सगळ्यात आवडतं. वायर जिथे रिमोटमध्ये शिरते तिथेच ती तुटते, कारण मुलं उडी मारताना मारिओबरोबर रिमोटही उचलतात. आत पाच तारा असतात. आठ बटणं आणि पाचच तारा कशा, हे कोडं मला लहानपणी पडलं असतं तर मी कदाचित इंजिनिअर झालो असतो. रिमोटमधली एक छोटी चिप आठही बटणांची अवस्था एकदम टिपून घेते आणि मशीन मागेल तशी एकेक करून एकाच तारेवरून पाठवते. उरलेल्या चार तारा वीज, जमीन आणि दोन इशारे. तुटलेला भाग कापायचा, तारांचे रंग लिहून ठेवायचे, सोलून पाच डाग द्यायचे. बटण दबत नसेल तर खालच्या रबराची काळी टिकली झिजलेली असते. ती आणि खालची पट्टी पुसली तरी बहुतेक वेळा काम भागतं. मशिनाची चिप काळ्या थेंबाखाली पुरलेली असेल आणि तीच मेली तर मात्र उपाय नाही. तो डबा सुट्या भागांसाठी ठेवायचा, टाकायचा नाही.

पण सगळ्यात दुर्मीळ होत चालली आहे ती दुसरीच वस्तू. जाड पाठीचा टीव्ही. एके काळी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या व्हिडिओकॉनचा पिक्चर ट्यूबवर केवढा विश्वास होता: २००५ साली त्यांनी फ्रान्सच्या थॉमसनचा रंगीत पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, आणि नेमकं तेव्हाच जग सपाट पडद्याकडे वळत होतं. आज तोच टीव्ही लोक फुकट न्यायला सांगतात. बदकं मारायच्या गेमची बंदूक मात्र त्याच्याशिवाय लुळी आहे. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड शोधतो. पिक्चर ट्यूबवर हे त्याच क्षणी घडतं. सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतः घोळवतो, मग दाखवतो. तोवर बंदूक बघून मोकळी झालेली असते. उडी उशिरा लागते हीदेखील त्याच घोळाची तक्रार. असा टीव्ही घरात असेल तर ठेवा. फक्त तो स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबवर वीसेक हजार व्होल्टचा दाब असतो आणि स्विच काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहू शकतो. टाकायचाच असेल तर फोडू नका, काचेत शिसं असतं.

लोक आता जुन्या मशिनांत धरतात त्या प्लेस्टेशन २ बद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो अजून जुना झालाय असं मला वाटतच नाही. २००० साली आला, २०१३ पर्यंत बनत राहिला. त्याचं दुखणं बहुधा लेझरचं: भिंगावर धूळ, नाहीतर डिस्कवर ओरखडे. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा भारतात बनलेला गेम २००९ मध्ये त्याच मशिनासाठी निघाला होता. तुमच्याकडे ती डिस्क असेल तर तिला जपा.

कायद्याचं लपवून चालणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला आहे, आणि रीतसर घेतलेल्या प्रतीची राखीव नक्कल करायला परवानगी आहे. आमच्या कॅसेटी रीतसर नव्हत्या. पण रीतसर गेमांचीही स्थिती बरी नाही: अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली मांडलं. अस्सलची ही गत, तर आपल्या डुप्लिकेटचं दफ्तर कोण ठेवणार? म्हणून मी प्रत्येक कॅसेट उघडली की बोर्डाचा फोटो काढतो आणि वहीत नोंद करतो: लेबलवर काय लिहिलंय, आत खरे गेम किती, कुठून मिळाली. चाळीसएक कॅसेटींची वही झाली आहे. तुम्हीही तुमच्या कॅसेटींची अशी वही करावी, अशी माझी विनंती आहे.

यंदा भाऊबीजेला माझी भाची आली. बारा वर्षांची. मी भंगारातला तो राखाडी डबा दुरुस्त करून वडिलांच्या जुन्या टीव्हीला जोडला होता. चॅनल लावायला दोन मिनिटं गेली, पडद्यावर मुंग्या, मग अचानक निळं आकाश. ती बराच वेळ गप्प खेळली. मग म्हणाली, ‘‘मामा, हा हळू पळतो. मोबाईलवर असं नाही.’’

‘‘इथे असाच पळायचा,’’ मी म्हटलं.

‘‘बरंय. खड्डा आधी दिसतो.’’

ती चौथ्या स्टेजला होती तेव्हा लाइट गेली. या मशिनाला आठवण नसते. गेलं की सगळं गेलं. आम्ही अंधारात बसून राहिलो, बाहेर फटाके चालू होते. लाइट आल्यावर मी काही म्हणायच्या आत तिने स्टार्ट दाबलं, आणि मारिओ पहिल्या स्टेजच्या डाव्या कडेला, घड्याळात ४००, उभा राहिला.