ग्रामीण भागातील एचआयव्ही : औषध आणि माणूस यांतील अंतर

एखाद्या रोगाने राज्यात किती माणसे दगावली, हे वार्षिक आकड्यांवरून समजते. परंतु ती कोणत्या गावची होती, कोणत्या वयाची होती आणि औषध उपलब्ध असूनही ती का वाचली नाहीत, हे त्या आकड्यांत दिसत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. हा विषाणू शरीरातून समूळ नाहीसा करणारे औषध सर्वसामान्य रुग्णांसाठी अद्याप नसले, तरी त्याला आयुष्यभर काबूत ठेवणारे उपचार शासकीय केंद्रांतून विनामूल्य मिळतात. असे असताना जेव्हा कोणी या रोगाने मृत्यू पावतो, तेव्हा बहुधा मार्गात कोठे तरी माणूस आणि औषध यांची चुकामूक झालेली असते.

ह्लाबिसाचा अनुभव

ही चुकामूक कोठे होते, याचा बारकाईने अभ्यास दक्षिण आफ्रिकेतील एका ग्रामीण भागात झाला आहे. क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तरेकडील ह्लाबिसा हा गरीब, विखुरलेल्या वस्तीचा प्रदेश असून तेथील अनेक कर्ती माणसे कामासाठी घरापासून दूर जातात. सन २००० पासून तेथील एका संशोधन केंद्राचे कार्यकर्ते ठराविक मुदतीने घरोघर जाऊन जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची नोंद ठेवू लागले. मृत्यू झालेल्या घरी आप्तांकडून आजाराची हकिकत ऐकून कारण निश्चित केले जाई.

या नोंदींतून जे दिसले ते बोलके आहे. सन २००३ मध्ये तेथील प्रौढांचे सरासरी आयुर्मान ४९.२ वर्षे होते. २०११ मध्ये ते ६०.५ वर्षांवर गेले. सुमारे ११ वर्षांची ही वाढ अवघ्या आठ वर्षांत झाली. त्याचे प्रमुख कारण म्हणजे २००४ पासून सरकारी आरोग्यसेवेतून सुरू झालेले औषधोपचार. हे उपचार मोठ्या रुग्णालयापुरते न ठेवता गावांजवळच्या लहान दवाखान्यांत, परिचारिकांच्या हातून देण्यात आले.

तथापि लाभ सर्वांना सारखा झाला नाही. दवाखान्यापासून दूर राहणाऱ्यांत उपचार घेण्याचे प्रमाण कमी आढळले. स्त्रियांच्या तुलनेने पुरुषांचे आयुर्मान कमी वाढले. एचआयव्हीने मृत्यू पावलेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक जण उपचारासाठी दवाखान्यात कधी आलेच नव्हते. औषध जवळ आले, पण माणूस आला नाही.

आपल्याकडील स्थिती

त्याच वर्षी, म्हणजे १ एप्रिल २००४ रोजी, भारतातही शासकीय रुग्णालयांतून विनामूल्य एआरटी उपचारांस प्रारंभ झाला. अधिक प्रादुर्भाव असलेल्या ज्या राज्यांत ही योजना प्रथम सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. पुढे रुग्णांचा प्रवास वाचावा म्हणून मुख्य केंद्रांना जोडलेली लिंक एआरटी केंद्रे उघडण्यात आली. पूर्वी प्रतिकारशक्ती ठराविक पातळीखाली घसरल्यावरच औषध सुरू होत असे. २०१७ पासून, निदान होताच उपचार, हे धोरण स्वीकारण्यात आले.

तरीही तीन अडचणी उरतात. पहिली, उशिरा होणारे निदान. रुग्ण अनेकदा क्षयरोगाने खंगल्यावरच चाचणीस येतो. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे ते एक प्रमुख कारण आहे. दुसरी, औषधातील खंड. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी निघालेले कुटुंब कित्येक महिने गावाबाहेर असते. निघण्यापूर्वी केंद्रास कळविल्यास पुढील औषधाची सोय लावता येते. न कळविल्यास गोळ्या बंद पडतात आणि विषाणू पुन्हा बळावतो. तिसरी अडचण, लोकलज्जा. ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने जवळचे केंद्र टाळून दूरच्या शहरात जाणारा रुग्ण एक दिवसाची मजुरी व प्रवासखर्च दोन्ही गमावतो, आणि काही काळाने जाणेच सोडतो.

गावाने काय करावे ?

येथे एक इशारा आवश्यक आहे. गावात बाधित कोण, हे शोधणे पंचायतीचे काम नव्हे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ नुसार बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीविना उघड करणे, तसेच शाळा, नोकरी वा उपचार यांत तिच्याशी भेदभाव करणे यांस मनाई आहे. नावांची यादी झाली की लोक चाचणीस येणे बंद करतात, आणि मृत्यू पुन्हा वाढतात.

मात्र नाव न विचारताही पुष्कळ करता येते. तरुण वयातील मृत्यूंची नोंद वेळेवर व्हावी व वैद्यकीय अधिकाऱ्यांशी त्यावर विचारविनिमय व्हावा. तोडणीच्या टोळ्या निघण्यापूर्वी आरोग्य शिबिर भरवावे, व ते पुरुषांना सोयीच्या वेळी, म्हणजे सायंकाळी, असावे. १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाईनचा क्रमांक शाळेत व चावडीवर लावावा. नियमित औषधाने विषाणूचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी झाले की लैंगिक संबंधातून संसर्ग पसरत नाही, हे शिक्षकांनी निःसंकोच सांगावे.

ह्लाबिसाने दाखविले की औषध गावाजवळ नेल्यास आयुष्य वाढते. त्याने हेही दाखविले की उरलेले अंतर मैलांत मोजता येत नाही. ते भीतीचे असते, आणि ती भीती कमी करणे गावाच्याच हाती आहे.