कैदखाना आणि रथ

एखाद्या गायकानं सुरेख जागा घेतली, एखादा बेत फक्कड जमला, की आपल्या तोंडून सहज निघतं, ‘अफलातून!’ हे मुळात एका माणसाचं नाव आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोला अरबीत ‘अफलातून’ म्हणतात. अरबीतून फारसी-उर्दूत आणि तिथून मराठीत असा या नावाचा प्रवास झाला. नाव आलं, पण त्या माणसाचं म्हणणं काय होतं, हे आपण फारसं विचारत नाही. आज त्याच्या एका पुस्तकाविषयी आणि पाली भाषेतल्या दुसऱ्या एका पुस्तकाविषयी बोलायचं आहे. दोन्ही पुस्तकं संवादरूप आहेत आणि प्रश्नही जवळपास एकच आहे. शरीर म्हणजेच मी, की शरीरात मुक्कामाला आलेला मी कुणी वेगळा? आणि सुटका म्हणतात ती कुणाची?

प्लेटोच्या पुस्तकाचं नाव ‘फायडो’. इसवी सनापूर्वी ३९९ साली अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिसचा शेवटचा दिवस उजाडला आहे. संध्याकाळी विषाचा पेला प्यायचा आहे. मित्र जमले आहेत. मुलाला घेऊन आलेली बायको रडू लागते, तेव्हा तिला घरी पाठवून दिलं जातं आणि मग आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा सुरू होते. (हे मला दर वाचनात खटकतं. पण असो.) सॉक्रेटिस म्हणतो ते थोडक्यात असं : तत्त्वज्ञ जन्मभर मरणाचाच सराव करत असतो. भूक, आजार, वासना, भीती यांनी शरीर सारखा व्यत्यय आणतं. आत्मा त्यात कैद झालेला आहे. प्रत्येक सुख आणि प्रत्येक दुःख हा जणू एकेक खिळा, आत्म्याला शरीराशी ठोकून ठेवणारा. मरण म्हणजे कुलूप उघडणं.

मित्र मान डोलावत बसत नाहीत, हे या पुस्तकाचं मोठेपण. सिमियास नावाचा तरुण तंतुवाद्याचा दाखला देतो. तारा नीट लावल्या की त्यांच्यातून सुरांचा मेळ निर्माण होतो. तो मेळ दिसत नाही, हाताला लागत नाही, सुंदर असतो. पण वाद्य फुटलं, तारा तुटल्या, तर मेळ कुठे उरतो? आत्माही तसाच असला तर? सॉक्रेटिस उत्तर देतो की, मेळ तारांवर हुकूम चालवू शकत नाही, आत्मा मात्र शरीराला अडवतो. तहान लागलेली असतानाही पिऊ नको म्हणतो. युक्तिवाद चांगला आहे. तरीही सिमियासची शंका मला त्या उत्तरापेक्षा वजनदार वाटते.

सगळे ग्रीक काही या वाटेनं गेले नाहीत. ॲरिस्टॉटल म्हणाला, डोळा हा एखादा प्राणी असता, तर दृष्टी हा त्याचा आत्मा ठरला असता. म्हणजे डोळा आणि दृष्टी ही दोन बिऱ्हाडं नव्हेत. एपिक्युरसच्या मते आत्माही अणूंचाच, मरणानंतर विखरून जाणारा. पण जगभरच्या कवींना भावला तो प्लेटोचा कैदी. पिंजरा आणि पक्षी हे रूपक सूफींनी वापरलं, उर्दू गझलेनं वापरलं, मीही कितीदा वापरलं आहे. कवीला ते फार सोयीचं पडतं.

आता दुसरं पुस्तक, ‘मिलिंदपञ्ह’, म्हणजे मिलिंदाचे प्रश्न. हा मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्याचं राज्य पंजाबात आणि आसपास होतं. राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचं सियालकोट. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी अक्षरं आढळतात. हा राजा वादविवादाचा शौकीन. तो भिक्खू नागसेनाला भेटतो आणि रीतीप्रमाणे नाव विचारतो. नागसेन सांगतो की, मला नागसेन म्हणतात खरे, पण ते नुसतं नाव; त्यामागे कुणी ‘व्यक्ती’ सापडत नाही.

राजा चमकतो. मग तुम्हाला चीवर आणि भिक्षा मिळते, ती कुणाला? शील कोण पाळतं? उद्या तुम्हाला कुणी मारलं, तर खून झालाच नाही म्हणायचं का? केस, नखं, दात, वेदना, जाणीव, यांपैकी नागसेन कोणता, असंही तो एकेक करून विचारतो. तेव्हा नागसेन उलट विचारतो, की महाराज पायी आले की रथातून? रथातून, असं राजा म्हणताच नागसेन रथ दाखवायला सांगतो. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? लगाम? सगळ्याला ‘नाही’ म्हणता म्हणता राजा कबूल करतो, की या साऱ्यांच्या जुळणीला आपण व्यवहारापुरतं रथ म्हणतो. नागसेनाचंही तसंच, असं उत्तर मिळतं.

सिमियासचं वाद्य आणि नागसेनाचा रथ ही भावंडंच वाटतात. एकानं दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. पण फरक बघा. सिमियासला भीती आहे, आत्मा निव्वळ जुळणी निघाला तर सगळं संपलं. नागसेन तीच गोष्ट शांतपणे सांगतो. मरणाबरोबर सारं संपतं, हेही बौद्धांना मान्य नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात तीच असते, असं म्हणता येत नाही. वेगळी असते, असंही नाही.

राजाची खरी अडचण नीतीची आहे. पुढचा जन्म घेणारा ‘तोच’ नसेल, तर केलेलं फेडायचं कुणी? नागसेन आंबेचोराची गोष्ट सांगतो. चोर म्हणतो, मालकानं जमिनीत लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. राजानं त्याला सोडावं का? अर्थातच नाही. कारण हे आंबे त्या आंब्यांपासूनच झाले. जबाबदारीसाठी अमर आत्मा लागत नाही, कृत्यांची अखंड साखळी पुरते.

या मुद्द्याला आपल्याकडे विसाव्या शतकात धार आली. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो आणि पूर्वजन्मीच्या कर्मानं माणूस हीन स्थितीत जन्मतो, ही कल्पना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात स्पष्टपणे नाकारली. ज्यांना शतकानुशतकं ‘तुझंच जुनं पाप’ म्हणून गप्प बसवलं, त्यांच्यासाठी हा पुस्तकी वाद नव्हता. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव आहे आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. विचारणारा आणि सांगणारा, दोघंही तिथं आहेत.

शरीराचं काय? बुद्धानं सहा वर्षं देह कष्टवून पाहिला आणि मग ते सोडून अन्न घेतलं. बौद्ध ग्रंथांत देहाच्या अशुचितेचं वर्णन भरपूर आहे, हे खरं. पण सतिपट्ठान सुत्तातली साधना सुरू होते ती श्वासापासून, चालण्या-बसण्यापासून. सॉक्रेटिस देहाकडे पाठ फिरवायला सांगतो. बुद्ध सांगतात, नीट बघा, इतकं बघा की त्यात ‘माझं’ म्हणण्याजोगं काही सापडू नये.

दोन्हीकडे शेवटचा प्रश्नही सारखाच येतो. तुला पुरायचं कसं, असं मित्र क्रायटो सॉक्रेटिसला विचारतो. सॉक्रेटिस हसून म्हणतो की, हवं तसं पुरा, मी तुमच्या हाती लागलो तर! म्हणजे जाणारा कुणीतरी आहेच, तो फक्त सापडणार नाही. वच्छगोत्त नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की मुक्त पुरुष मरणानंतर कुठे जन्मतो? बुद्ध विचारतात, की समोरची आग विझली तर ती कोणत्या दिशेला गेली, पूर्वेला की पश्चिमेला? वच्छगोत्ताला सांगावं लागतं, की हा प्रश्नच लागू पडत नाही. सर्पण संपलं, आग विझली. निर्वाण या शब्दाचा अर्थच विझणं. लोभ, द्वेष आणि मोह यांची आग विझणं.

पिंजऱ्याचं रूपक नागसेनानं माझ्या हातून काढून घेतलं. पक्षीही नेला. लिहिताना त्याची अडचण होते, आणि जिवलग माणूस गेल्यावर तर फारच होते. तेव्हा प्लेटो जवळचा वाटतो, हे मी लपवणार नाही.

बुद्धाच्या अस्थींसाठी राजे हमरीतुमरीवर आले होते. शेवटी आठ वाटे झाले. मिलिंदाचंही तेच. प्लुटार्क या ग्रीक लेखकानं नोंदवलं आहे, की मिनँडर लष्करी छावणीत वारला, त्याच्या अवशेषांवरून शहरांत तंटा झाला आणि अखेर प्रत्येक शहरानं राखेचा सारखा वाटा आपापल्या गावी नेऊन त्यावर स्मारक उभारलं.