भिंतीला पैसे, पायाला जागा नाही

घरकुलाची यादी लागली की पंचायत समितीसमोर आपली माणसे जमतात. यादीत नाव असते, पण पुढे शेरा असतो: 'स्वतःची जागा नाही'. जालना जिल्ह्यात भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत गायरानावर बसलेल्या आमच्या वस्त्यांची हीच कहाणी आहे. ग्रामपंचायत घरपट्टी घेते, पावती फाडते. नमुना आठवर मात्र मालक सरकार आणि आमच्या नावापुढे 'अतिक्रमण'. कर घ्यायला आम्ही गावचे, घर द्यायला उपरे!

अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना 2008 साली आली, केंद्राची पंतप्रधान आवास योजना 2016 साली. दोन्हींत खेड्यातल्या घराला मूळ रक्कम 1 लाख 20 हजार, तीही हप्त्याहप्त्याने, बांधकामाचे फोटो चढतील तशी. पण पाया खोदायचा कुठे? त्यावर 2015 साली शासनाने जागा खरेदीसाठी 50 हजारांची योजना काढली, पुढे ती रक्कम 1 लाख केली. ठीक. पण जागा विकणार कोण? गावठाणालगतची शेते ज्यांची आहेत, त्यांना बौद्धवस्तीचा, मातंगवस्तीचा शेजार नको असतो. पैसे खिशात असूनही जागा मिळत नाही, आणि या नकाराला शासन निर्णयात रकाना नाही.

गायरानावर कोणी हौसेने बसले नाही. दादासाहेब गायकवाडांच्या 1964-65 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात हजारो माणसे तुरुंगात गेली ती याच पडीक जमिनींसाठी. त्या रेट्यातूनच पुढे 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय निघाला: 14 एप्रिल 1990 पर्यंत गायरान कसत असलेल्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करा. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची. ज्यांचा पंचनामा झाला त्यांना सातबारा मिळाला. ज्यांच्या बांधावर तलाठी फिरकलाच नाही ते आजही अतिक्रमणधारक.

28 जानेवारी 2011 रोजी जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने पट्टा दिला असेल तर अपवाद ठेवला आहे. निकालाचा पहिला भाग साहेबांना पाठ आहे, दुसरा कोणी वाचत नाही. 2022 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा धनदांडग्यांचे धाबे आणि आमच्या पत्र्याच्या खोल्या एकाच यादीत बसवल्या गेल्या.

ग्रामीण भागात शासकीय जमिनीवर 1 जानेवारी 2011 पूर्वीपासून राहणाऱ्यांची घरे नियमित करण्याचा निर्णय 16 फेब्रुवारी 2018 चा आहे. म्हणून मोर्चाची वाट न बघता आधी कागद गोळा करा. जुनी मतदार यादी, वीजबिल, घरपट्टीची पावती, मुलांच्या शाळेतले प्रवेशाचे दाखले. ऊसतोडीला जाताना हे कागद घरात ठेवू नका, झेरॉक्स काढून दोन ठिकाणी ठेवा. ग्रामसभेत गावठाण विस्ताराचा ठराव मांडा आणि ग्रामसेवकाकडून त्याची पोच घ्या. तोंडी 'बघू' म्हणाला, तर ते प्रोसिडिंगला लिहून घ्या.