मंडईचं नाटक आणि तुमचा मोबाईल

दिवाळी सरली की साकोली-लाखांदूरकडे मंडया भरतात, आणि मंडईची रात्र म्हणजे नाटक. पडदा उघडला की मंडपात मोबाईल वर. सकाळी अख्खा दुसरा अंक यूट्यूबवर!

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२ हौशी मंडळांसाठी भारी आहे: फुकट दाखवलेला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हक्कभंग ठरत नाही. पण सूट प्रयोगापुरतीच. त्याचं चित्रीकरण लोकांसमोर टाकायचं तर लेखकाची परवानगी हवीच. नटनट्यांचाही हक्क असतो, ५० वर्षांचा. स्वतःपुरतं केलेलं रेकॉर्डिंग त्याच्या आड येत नाही, अपलोड येतं. (गावातलं पोरगं काम करतंय म्हणून ही अट सुटत नाही बरं!)

लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क वारसांकडे. गडकरी १९१९ मध्ये आपल्या सावनेरला गेले, म्हणून ‘एकच प्याला’ मोकळं. अत्रे १९६९ मध्ये गेले, तिथे २०२९ सरेपर्यंत थांबा. झाडीपट्टीच्या नव्या नाटकांचे लेखक तर कधीकधी रंगपटातच भेटतात. मध्यंतरात गाठा, होकार व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आणि त्यात ‘यूट्यूबवर टाकायला’ हे शब्द असू द्या.