मोर्णेतली जलपर्णी आणि अंगणातली जबाबदारी

१३ जानेवारी २०१८ रोजी अकोल्याची माणसं मोर्णा नदीत उतरली. विद्यार्थी, म्हातारीकोतारी, सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते, सगळे मिळून जलपर्णी ओढून काठावर टाकत होते. त्याच महिन्यात २८ तारखेला 'मन की बात'मधून पंतप्रधानांनी या मोहिमेचं कौतुक केलं. मला मात्र तेव्हापासून एका प्रश्नाने धरून ठेवलं आहे: ही वनस्पती आपल्या नदीत आली कुठून? माग काढत गेलं की वाट कुठल्या जंगलात जात नाही, ती हौशी माणसांच्या बागेत पोचते.

जलपर्णी मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिच्या जांभळट फुलांवर भाळून एकोणिसाव्या शतकात बागप्रेमींनी ती देशोदेशीच्या तळ्यांत नेली. १८८४ साली न्यू ऑर्लीन्सला भरलेल्या जागतिक कापूस प्रदर्शनातून ती अमेरिकेत पसरली, असं सांगितलं जातं. वऱ्हाडच्या माणसाला हे वाचून चटका बसतो. ज्या पिकाने अकोला-अमरावतीला जिनिंग-प्रेसिंग आणि बाजारपेठ दिली, त्याच पिकाच्या प्रदर्शनाशी आपल्या नदीच्या दुखण्याची कहाणी जोडलेली आहे.

भारतातली तिची सर्वांत मोठी कथा बंगालची. नारायणगंजच्या जॉर्ज मॉर्गन नावाच्या ताग-व्यापाऱ्याने ती ऑस्ट्रेलियाहून आणली, अशी आख्यायिका आहे. आणली कुणीही असो, पुढच्या काही दशकांत नद्या, खाड्या, भातशेती तिने भरून टाकली. मग वाद पेटला. तिच्या राखेत पोटॅश भरपूर, म्हणून १९१७ साली फिन्लो आणि मॅक्लीन या कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांनी तिचं खत म्हणून मोल मांडलं. महायुद्धामुळे जर्मनीचं पोटॅश बंद झालं होतं, त्यामुळे या सूचनेला वजन आलं. दुसरीकडे शेतकरी आणि नावाडी मेटाकुटीला आले होते. १९२१ साली जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९३६ साली बंगालने स्वतंत्र कायदाच केला आणि १९३७ च्या निवडणुकीत जलपर्णीमुक्त बंगाल हे पक्षांचं आश्वासन झालं. एका शोभेच्या फुलाने विधिमंडळ गाठलं!

मला मॅक्लीनची बाजू धोक्याची वाटते. उपटलेल्या जलपर्णीचं खत जरूर करावं, पण उपद्रवाचा धंदा झाला की तो टिकवण्यात कुणाचं तरी हित निर्माण होतं. शिवाय तिचं बी चिखलात वीसेक वर्षं जिवंत राहू शकतं आणि सांडपाणी हा तिचा खुराक. नाले नदीत येत राहिले, तर एका दिवसाच्या श्रमदानाने ती हटत नाही.

घाणेरीचा प्रवासही असाच. १८०९ च्या सुमारास ती शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि आज मेळघाटात वनखात्याला तिच्याशी झुंजावं लागतं. पाखरं फळं खातात, बी लांबवर टाकतात. आज शहरोशहरी दुभाजकांवर लावला जाणारा कोनोकार्पसही परदेशी. २०२३ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. हिरवं दिसलं म्हणजे निसर्ग जपला, हा समज महाग पडतो.

मग शहरातल्या बागेने करायचं काय? किड्यांना खाऊ द्यायचं. चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना अळ्या-किडे भरवते. अंगणातला कढीपत्ता कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळीचं जेवण, धुऱ्यावरची रुई प्लेन टायगरचं, बहावा कॉमन एमिग्रंटचं. पान कुरतडलेलं दिसलं की औषध फवारायचं, ही सवय सोडली तरच हे जेवण कुणाच्या तोंडी लागेल. पळस, पांगारा, काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतात आणि शिंजीर-मैनांना रस देतात. कडुनिंब, बाभूळ आणि हिवर वऱ्हाडच्या काळ्या मातीला आणि मे महिन्यातल्या उन्हाला पुरून उरतात. कितीतरी एकट्या राहणाऱ्या मधमाश्या जमिनीत घर करतात. सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने झाकलं की त्या बेघर होतात. एक कोपरा उघड्या मातीचा आणि पालापाचोळ्याचा ठेवायला खर्च येत नाही.

जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. अकोला आणि अमरावती महापालिकांनी या नोंदवहीत आणखी एक पान घालावं: बागेतून सुटून नदीत, रानात गेलेल्या झाडांचं. सरकारी रोपवाटिकेतून रोप देण्याआधी ते पान उघडावं, आणि खासगी नर्सरीत रोप घेताना आपण दोन प्रश्न विचारावेत: हे इथल्या कोणत्या जिवाचं अन्न आहे, आणि कुंपणाबाहेर गेलं तर आवरेल का? न्यू ऑर्लीन्सच्या पाहुण्यांना हे विचारायला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याला ती सबब उरलेली नाही.