पंधरा वर्षांचा दाखला

जुलै २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात बंगळूरला मुलाखतीला गेलेल्या पोरांना ‘या आठवड्यातली कोणती बातमी महत्त्वाची वाटली?’ हा नेहमीचा गुळगुळीत प्रश्न एकदम काटेरी झाला असणार. सोमवारी, १५ तारखेला, कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं खासगी उद्योगांत स्थानिकांसाठी जागा राखणारं विधेयक संमत केलं. व्यवस्थापनाच्या जागांपैकी ५० टक्के, बाकीच्यांपैकी ७० टक्के. मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी त्याबद्दल समाजमाध्यमावर जे लिहिलं ते मागाहून काढून टाकलं. नॅसकॉमनं पत्रक काढलं, बंगळूरचे मोठे उद्योजक खवळले, आंध्रच्या मंत्र्यानं ‘विशाखापट्टणमला या’ म्हणून कंपन्यांना आवतण धाडलं आणि बुधवारी संध्याकाळी विधेयक थांबवल्याचं जाहीर झालं. तीन दिवसांत बारसं आणि बारावं. चर्चा झाली ती सगळी टक्क्यांची. विधेयकातला माझ्या मते खरा मजकूर ‘स्थानिक कोण’ या व्याख्येत होता आणि तो सीमाभागातल्या नंदगडहून जसा दिसतो तसा बंगळूरहून दिसत नाही.

व्याख्या अशी होती: राज्यात जन्मलेला, १५ वर्षं राज्यात राहिलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा. दहावीला कन्नड हा विषय नसेल तर नेमून दिलेल्या संस्थेची कन्नड चाचणी उत्तीर्ण होणं आवश्यक. आता खानापूर तालुक्यातलं नंदगड घ्या. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिली ते हे गाव. बंगळूरच्या मुख्य रेल्वे स्थानकाला आज त्याच रायण्णाचं नाव आहे आणि बेळगावहून तिथं जाणारी रात्रीची गाडी ज्या राणी चन्नम्मांच्या नावानं धावते त्यांच्याच पदरी तो होता. म्हणजे नंदगडचा उमेदवार मुलाखतीला उतरतो तोच मुळी आपल्या गावात फासावर गेलेल्या माणसाच्या नावाखाली. पण सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात जी २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत म्हटलं, त्यांतही निपाणी आणि खानापूरबरोबर नंदगडचं नाव आहे. महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून तसाच आहे. त्यामुळे या गावच्या पोराचा जन्म कर्नाटकातला, राहणं कर्नाटकातलं, बातम्या वाचायच्या त्या मराठी ‘तरुण भारत’मधून आणि मुलाखतीत त्यांवर बोलायचं ते इंग्रजीत, नाहीतर कन्नडमध्ये.

इथून नोकरीसाठी तीन दिशांना जाता येतं आणि तिन्ही दिशांना एकच आकडा उभा असतो. महाराष्ट्राच्या अधिवास दाखल्याला १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं सवलत ठेवली आहे खरी. भरतीच्या जाहिरातीत ती छापलेली असते, पण तिथंही त्या गावात १५ वर्षं राहिल्याचा विहित नमुन्यातला दाखला जोडावा लागतो. वास्तव्याची मूळ कागदं असतात खानापूरच्या तहसीलदार कचेरीत, कर्नाटक सरकारच्या दप्तरात. एका सरकारनं दावा सांगितलेल्या गावात आपण राहतो, हे दुसऱ्या सरकारच्या कागदांवरून सिद्ध करायचं! चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं तर सरकारी नोकरीसाठी पुन्हा १५ वर्षांचा वास्तव्याचा दाखला, वर कोकणी यायलाच हवी. मराठी आली तर चांगलं. आणि जुलै २०२४ चं विधेयक: १५ वर्षं. एकाच वयात, एकाच आयुष्यात तीन राज्यांत १५-१५ वर्षं राहिलेला उमेदवार मिळाला तर त्याला निवृत्तीवेतनच द्यावं लागेल.

संविधानाच्या १६ व्या कलमात सरकारी नोकरीपुरतं तरी हे स्पष्ट आहे. जन्मस्थान किंवा निवास यावरून भेद करायचा नाही, आणि निवासाची अट घालायचीच तर ती संसदेनं कायद्यानं घालायची. संसदेनं १९५७ मध्ये कायदा केला तो अशा अटी काढून टाकणारा होता. अपवाद थोड्या प्रदेशांचे आणि मुदतीचे. खासगी नोकऱ्यांत हरियाणानं ७५ टक्क्यांचा कायदा करून पाहिला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं रद्द ठरवला. कर्नाटकाचं विधेयक त्यानंतर आठ महिन्यांनी आलं. म्हणजे ते टिकेल अशी खात्री मांडणाऱ्यांनाही असेल असं वाटत नाही.

पण कायद्यापेक्षा मुलाखतीच्या टेबलाशी काय घडतं ते पाहिलं की मुद्दा जास्त उघड होतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये सीएनसी ऑपरेटरची मुलाखत खुर्चीत बसून होतच नाही. आत शिरताच पाण्यात मिसळलेल्या कूलंटचा आंबूस वास येतो. तो कपड्यांना लागतो आणि धुतल्यावरही बोटांना राहतो. बायोडाटा सुपरवायझर उभ्या उभ्या चाळतो. मग टेबलावर एक टर्निंग झालेला बुश ठेवतो, शेजारी ड्रॉइंग, शेजारी व्हर्निअर आणि मायक्रोमीटर. “बाहेरचं माप काढ बघू.” एवढंच. ड्रॉइंगवर टॉलरन्स असतो अधिक-उणे ०.०२. साध्या व्हर्निअरचं लघुतम मापच ०.०२ मिलिमीटर, त्यानं हा बुश पास की रिजेक्ट हे भरवशानं सांगता येत नाही. घाईचा पोरगा व्हर्निअर उचलतो, कारण तो हाताशी आणि सवयीचा. जाणता पोरगा आधी बुश फडक्यानं पुसतो, कडेला बर राहिली आहे का ते नखानं चाचपतो, मायक्रोमीटर रिकामा बंद करून शून्य बरोबर आहे ना ते पाहतो आणि मग रॅचेट फिरवतो. सुपरवायझर आकडा ऐकायच्या आतच त्याचा निकाल लागलेला असतो. या सगळ्यात भाषा कोणती वापरली? थोडी मराठी, थोडी कन्नड, आकडे इंग्रजी, शिवी आलीच तर हिंदी. तिची नोंद कुणी ठेवत नाही. पगार बेताचा, पाळी रात्रीची, तरी निवडीची ही रीत मला मुलाखतीच्या सगळ्या रीतींत प्रामाणिक वाटते.

कचेरीतल्या मुलाखतीचं तसं नसतं. बाहेर रांगेत प्लॅस्टिकच्या फायली. दहावीचं गुणपत्रक सर्वांत वर. ‘स्वतःबद्दल सांगा’ संपलं की गाव येतं, गावावरून भाषा येते, आणि मग आठवड्याची बातमी. त्या जुलैत पॅनेलनं ‘या विधेयकाबद्दल तुमचं मत काय?’ असं विचारलं असेल तर नंदगडच्या पोरानं काय सांगायचं? बरोबर आहे म्हणावं तर ‘तुम्ही स्थानिक आहात का’ हे पुढं आलंच. चूक आहे म्हणावं तर राज्याविरुद्ध बोलला. स्थगित झालं म्हणून प्रश्न मिटला असं म्हणावं तर अभ्यास कच्चा. बंगळूरच्या इतर उमेदवारांना ती बातमी मत देण्याचा विषय होती; याच्यासाठी ती ओळख पटवण्याची जागा झाली. बुश हातात दिला की माणसाला काय येतं ते कळतं, बातमी हातात दिली की माणूस कुठला ते कळतं. यातलं नेमकं काय हवं आहे हे पॅनेलनं आधी ठरवायला हवं.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. काउंटरवरच्या माणसाला गिऱ्हाइकाची भाषा यायला नको का? हवीच. मे २०२५ मध्ये बंगळूरजवळ एका बँकेतल्या अधिकाऱ्यानं कन्नड बोलायला साफ नकार दिला, तेव्हा जो संताप झाला त्यात मला काहीही गैर दिसत नाही. आपल्या गावात मराठीत अर्ज मिळावा म्हणून ज्यानं दोन पिढ्या घासल्या, त्या सीमाभागातल्या माणसानं तर तो सगळ्यात आधी समजून घ्यावा. खानापूरच्या शेतकऱ्याला पीककर्जाचा कागद मराठीत हवा असतो तसा हावेरीच्या शेतकऱ्याला कन्नडमध्ये. प्रश्न भाषा तपासावी की नाही हा नसून ती कधी तपासावी हा आहे. आणि याचं उत्तर देशानं फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. राज्यपुनर्रचनेच्या वेळचं १९५६ चं केंद्राचं निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे संरक्षण ठरलं, त्यात सरकारी सेवेबद्दलचा क्रम असा आहे: राज्यभाषेचं ज्ञान ही भरतीची पूर्वअट नको, निवड झाल्यावर, परिवीक्षेचा काळ संपण्याआधी भाषेची चाचणी घ्या. आधी माणूस घ्या, मग त्याला भाषेच्या कसोटीला लावा. याच तरतुदींवर नजर ठेवायला भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नेमला गेला, त्याचं विभागीय कार्यालय एकेकाळी बेळगावातच होतं. गंमत म्हणजे त्याच यादीत पुन्हा आपला आकडा आहे: जिथं अल्पसंख्य भाषिक १५ ते २० टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात. वर्षांचे १५ सगळ्या सरकारांना पाठ आहेत. टक्क्यांचे १५ आठवत नाहीत.

ही काही पुस्तकी कल्पना नाही. स्टेट बँकेच्या लिपिक भरतीत स्थानिक भाषेची चाचणी मुख्य परीक्षेतून निवड झाल्यावर आणि रुजू होण्याआधी असते. दहावी-बारावीला ती भाषा शिकल्याचं गुणपत्रक दाखवलं की चाचणीही नाही. कर्नाटकातल्या मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलाच्या गुणपत्रकात पहिली भाषा मराठी, १२५ गुणांची; आणि पुढच्या भाषांत कन्नड, १०० गुणांचं. म्हणजे जुलैच्या विधेयकाच्या शब्दांनुसारही नंदगडचा मुलगा कागदावर पुरता स्थानिक ठरत होता: जन्म इथला, १५ वर्षं इथली, दहावीला कन्नड. मग तक्रार कशाची, असं कुणी विचारील. तक्रार याची की कागद पुरेसा असूनही तोंडी परीक्षेत त्याच्या उच्चारावर पुन्हा तीच परीक्षा घेतली जाते आणि तिचे गुण कुठं लिहिलेले नसतात. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून आपल्या ‘क’ गटाच्या आणि अराजपत्रित ‘ब’ गटाच्या पदांसाठी मुलाखतच बंद केली. पारदर्शकतेसाठी असं तेव्हा सांगितलं गेलं. खासगी नोकरीत ती सोय नाही. तिथं वातावरणच परीक्षक असतं, आणि एखादं विधेयक तीन दिवसच जगलं तरी वातावरण मागं राहतं.

‘महाराष्ट्र तरी काय वेगळं करतो?’ हा दुसरा आक्षेप, आणि त्याला उत्तर देताना आपला आवाज जरा खाली येतो, यावाच. भूमिपुत्रांचं राजकारण १९६६ पासून मुंबईत आपणच पिकवलं. रिक्षाच्या परवान्याला मराठीची अट घातली, ती मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये रद्द केली. तेव्हा बंगळूरला जाऊन नंदगडच्या पोरासाठी न्याय मागायचा आणि ठाण्यात उत्तर भारतीयाला दाखला विचारायचा, हे जमणार नाही. ८६५ गावांच्या सवलतीकडेही मी थोडं संशयानंच पाहतो. दावा जिवंत ठेवायला ती उपयोगी आहे. पण मुंबई-पुण्याच्या उमेदवाराशी स्पर्धा करणाऱ्या खानापूरच्या मुलाला ती एक कागद जास्त जोडायला लावते, गुण एकही जास्त देत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. कारखाना जमीन इथली घेतो, पाणी इथलं घेतो, धूर इथं सोडतो आणि माणसं बाहेरून आणतो. मग स्थानिकांनी मागू नये काय? मागावं, आणि जोरात मागावं. पण मागणी १५ वर्षांच्या दाखल्याची केली तर मालक दाखले गोळा करील, काम तसंच राहील. नियम मोडणाऱ्याला विधेयकात दंड होता १० हजार ते २५ हजार रुपये. बंगळूरच्या कंपनीच्या एका महिन्याच्या चहापाण्यात तो बसतो. त्याच विधेयकात एक कलम मात्र कामाचं होतं आणि त्या तीन दिवसांत त्यावर फारसं कुणी बोललं नाही. योग्य स्थानिक उमेदवार मिळत नसतील तर उद्योगानं सरकारच्या साथीनं तीन वर्षांत त्यांना तयार करावं, असं ते कलम. बाकीच्यांबरोबर तेही फडताळात गेलं. खानापूरच्या आयटीआयमधून येणाऱ्या मुलाला व्हर्निअर सोडून मायक्रोमीटर कधी उचलायचा हे शिकवायला तीन वर्षं पुष्कळ झाली. विधेयक कधी परत आणायचं झालं तर १५ वर्षांचं कलम गाळून तेवढं एक ठेवावं, आणि कन्नडची चाचणी परिवीक्षेच्या अखेरीस घ्यावी.